एवढ्याशानं काय होतंय?

बेळगाव-निपाणी पट्ट्यातून पाहुणा उपाशी परत गेला, अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. तक्रार असलीच तर उलट बाजूची असते. "घ्या की, एवढ्याशानं काय होतंय?" हे इथं मराठी घरात मराठीतून आणि कन्नड घरात कन्नडातून विचारलं जातं, आणि दोन्ही घरांत पाहुण्याच्या पोटावर त्याचा परिणाम अगदी सारखा होतो. बेळगावात कुंदा, गोकाकात करदंट, पलीकडे धारवाडला पेढा आणि हंगामात जिथं तिथं गूळ, अशा मुलखात आग्रह हा स्वभाव न राहता शेतीमालाचा उठाव होऊन बसतो. तो माणसांपाशीही थांबत नाही. बैलाला तर या भागात दोन-दोन सण आहेत. ज्येष्ठात कर्नाटकी बेंदूर, आषाढात महाराष्ट्रीय बेंदूर. सीमेचा निकाल लागायचा तेव्हा लागो, पुरणपोळीच्या बाबतीत बैलानं दोन्ही राज्यांकडून आपला हिशेब चुकता करून घेतला आहे. या सगळ्या उदारपणात अडचणीत येतो तो घोडा. माझं म्हणणं एवढंच, की घोड्याला दिला जाणारा खाऊ घोड्यासाठी नसतोच, देणाऱ्यासाठी असतो. म्हणून तो किती द्यायचा हे घोड्याच्या पोटावरून ठरत नाही, देणारे किती जमलेत त्यावरून ठरतं. सगळा घोटाळा इथं आहे.

या भागातले सर्वांत मानाचे घोडे चिकोडी तालुक्यातल्या अंकलीचे. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे जे दोन अश्व चालतात, ते अंकलीच्या शितोळे सरकारांचे. हैबतबाबा आरफळकरांनी 1832 च्या सुमारास पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हापासूनचा हा मान आहे. गंमत म्हणजे बेळगावची छावणीही त्याच सालातली. इंग्रज तिथं पलटण उभी करत होते तेव्हा बाबा इकडे दिंड्या लावत होते, आणि शिस्तीत कोण पुढे राहिलं हे वारी बघितलेल्यांना सांगायला नको. दर वर्षी हे घोडे अंकलीहून निघतात, मिरज-सांगली करत महामार्गाला लागतात आणि सुमारे तीनशे किलोमीटर चालून दहा-अकरा दिवसांत आळंदीला पोचतात. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या अहवालाला 1967 पासून एक पक्ष चिकटून आहे, दुसरा तो फेटाळून आहे; हे दोन घोडे मात्र दर ज्येष्ठात कर्नाटकातून महाराष्ट्रात पायी जातात आणि दोन्हीकडे त्यांच्या गळ्यात हारच पडतात. या भागातून निघून दोन्ही सरकारांना सारख्याच आनंदानं चालणारं दुसरं काही पटकन आठवत नाही.

आता हिशेब करू. ज्या घोड्याच्या टापांखालची माती लोक रिंगणानंतर कपाळाला लावतात, त्याच्या तोंडापुढे कुणाचाच हात जाणार नाही अशी अपेक्षा करणं म्हणजे आपल्या लोकांना न ओळखणं. समजा, वाटेवरच्या एखाद्या गावात दोनशे माणसं दर्शनाला आली. दोनशे हा आकडा मी फारच संकोचानं धरलाय. प्रत्येकानं एकच पेढा पुढे केला, तोही वीस ग्रॅमचा, म्हणजे हात आखडूनच. चार किलो पेढे झाले. तिथून मैलभरावर दुसरं गाव आहे आणि त्या गावाला आपण पहिल्या गावाच्या मागे आहोत असं दिसू द्यायचं नसतं. दोनशेही जण मनापासून सांगतील, मी एकच दिला. खरंच एकेकच दिलेला असतो. न्यायालयात हे प्रकरण गेलं तर एकालाही शिक्षा होणार नाही. घोड्याबरोबरच्या माणसांचं निम्मं काम म्हणूनच घोडा सांभाळण्याचं आणि निम्मं भक्त सांभाळण्याचं असणार, आणि दुसरं निम्मं जास्त कष्टाचं.

हे पेढे जातात कुठं, ते पाहिलं की हसू ओसरतं. एवढ्या थोराड जनावराचं जठर आठ ते पंधरा लिटरांचं असतं. आपल्या घरातली पाण्याची कळशी डोळ्यांपुढे आणा. निसर्गानं हे जनावर दिवसातले पंधरा-सोळा तास हिंडत हिंडत थोडं थोडं गवत खाण्यासाठी घडवलंय. एका बैठकीत ताट फस्त करण्याची सोय त्यात नाही. गवताचं खरं पचन होतं ते मागच्या बाजूला, मोठ्या आतड्यात, तिथल्या जंतूंच्या मदतीनं. पिष्ट किंवा साखर एकदम जास्त आली तर ती पुढच्या भागात न पचता तशीच मागे सरकते, तिथं आंबते, आम्ल वाढतं आणि ते जंतू मरायला लागतात. मग पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा पाय टेकेनासा होतो. गोड तोंडात पडलं आणि दुखणं खुरात निघालं, ही गोष्ट आपल्याकडच्या मधुमेही मंडळींना तरी लगेच पटावी. यावर कळस असा, की घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जिथं जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेलं उलट्या वाटेनं बाहेर पडत नाही. आग्रहाच्या मुलखात जन्माला येऊन ओकता न येणं यापेक्षा मोठं दुर्दैव कोणतं! त्याला 'पुरे' मराठीत म्हणता येत नाही, 'साकु' कन्नडात म्हणता येत नाही, आणि कृतीतूनही काही सांगता येत नाही.

आपला हात असा सैल का, याचं उत्तर बैलात आहे. आपल्या भागाचा सगळा जनावरांचा शहाणपणा बैल, गाय आणि म्हैस यांच्यावर बेतलेला आहे. बैलाच्या पोटातली पहिली कोठीच शंभर लिटरांच्या वर भरते. घाईत गिळलेलं तो सावकाश वर आणतो, डोळे मिटून पुन्हा चावतो, ढेकर देतो, वायू बाहेर सोडतो. एकूण मराठी माणसाची जेवणोत्तर दुपार. पुरणपोळीचा अतिरेक त्यालाही बाधतो, तो काही लोखंडाचा नाही. पण चूक सावरायला त्याच्याकडे जागा आहे, वेळ आहे आणि परतीची वाट आहे. घोड्याकडे यातलं काहीच नाही. आणि आपण दोघांना एकच समजतो, याला या भागात ढळढळीत पुरावा आहे: एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल जुंपून गाडी पळवण्याच्या शर्यती इथल्या जत्रांनी पाहिल्या आहेत. जो माणूस हे दोघे एका जुवाखाली आणू शकतो, तो त्यांना एकाच बुट्टीतून खायला घालायला कशाला कचरेल?

पहिला आक्षेप ठरलेला. मुक्या जनावराला स्वतःचं कळतं, नको असेल तर तोंड फिरवेल. हा विश्वास फार गोड आहे, आणि घोड्यानं तो कधीच सार्थ केलेला नाही. रात्री दावं तोडून दाण्याच्या पोत्यापर्यंत पोचलेला घोडा पोतं संपेपर्यंत खातो, आणि सकाळी त्याच्यासाठी डॉक्टर शोधावा लागतो. त्याच्या पूर्वजांना माळावर गोड फळ सापडलंच तर एखादं सापडे. समोर पेढ्याचे दोनशे हात येतील ही शक्यता उत्क्रांतीनं विचारात घेतलेली नव्हती. तेव्हा गोड दिसलं की खा, एवढीच सूचना त्याच्या डोक्यात आहे. लग्नाच्या पंगतीत तिसऱ्या वाढपाला आपल्याही डोक्यात याहून वेगळं काही चाललेलं नसतं, पण आपण बायकोकडे एकदा बघतो. घोड्याला ती सोय नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार, कारण तो परंपरेच्या बाजूनं येतो. आपले पूर्वज घोड्याला गूळ घालत नव्हते काय? घालत होते. आणि कसा घालत होते ते लिहूनही ठेवत होते, ही त्यांची गैरसोयीची सवय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घोड्यांवरच्या अधिकाऱ्यासाठी एक अख्खा अध्याय आहे. उत्तम घोड्याला दोन द्रोण धान्य, तेही अर्धं सुकवलेलं किंवा अर्धवट शिजवलेलं, एक प्रस्थ तेल-तूप, पाच पल मीठ, आणि गोड म्हणाल तर पाच पल. आजच्या मापात ते पाव किलोच्याही आत भरतं. घोडीला चतुर्थांश कमी, शिंगराला त्याच्या निम्मं. म्हणजे मगधाच्या साम्राज्यात सबंध दिवसाचं जेवढं गोड एका घोड्याला मंजूर होतं, तेवढं आपल्या एका गल्लीतले पहिले दहा-बारा भक्त संपवतात. शिवाय ज्यांना परंपरा पाळायचीच आहे त्यांनी ती अर्धी का पाळावी? त्याच यादीत पन्नास पल मांस आहे. ते गोडही नुसतं नाही, एक प्रस्थ मद्याबरोबर आहे. मद्य नसेल तर दुप्पट दूध. आणि लांबच्या वाटेनं, ओझ्यानं थकलेल्या घोड्यासाठी कौटिल्यानं एक प्रस्थ तेलाची बस्ती सांगितली आहे. अंकलीहून तीनशे किलोमीटर चालून आलेल्या घोड्याला यापेक्षा शास्त्रशुद्ध सेवा दुसरी नाही. पेढा घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांपैकी या सेवेला पुढे कोण येतो ते मला बघायचं आहे.

कौटिल्य फार लांबचा वाटत असेल तर घरचं उदाहरण घ्या. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, या आज्ञेसाठी ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण पत्राचा बराचसा भाग घोड्यांच्या दाणावैरणीवर आहे, आणि तो भाग व्याख्यानांत सहसा येत नाही. महाराजांचा रोख असा, की पावसाळ्यासाठी मुद्दाम साठवलेला दाणा आणि गवत आता हाताशी आहे म्हणून मनाला येईल तसं मागून चाराल, मग भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. बारकाईनं पाहा. दटावणी घोड्यांना उपाशी ठेवणाऱ्या कंजूष माणसांना नाही. सढळ हातानं चारणाऱ्यांना आहे. ज्या राज्याचा सगळा डोलारा घोड्याच्या पाठीवर होता, त्या राज्याच्या धन्याला घोड्याच्या जिवाला धोका दिसला तो या औदार्यात. पागेत रातीब ठरलेला, तोबरा ठरलेला, वेळ ठरलेली, आणि तोबरा चढवणारा हातही ठरलेला. आपण महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर उभे राहून शेजारच्या खऱ्या घोड्याला लाडू भरवतो. पुतळ्याचा घोडा ब्राँझचा असतो म्हणून बरं. बेळगावच्या चन्नम्मा चौकातला घोडा इतक्या वर्षांत एकदाही पोटदुखीनं आडवा झालेला नाही.

तिसरा आक्षेप भक्तीचा, आणि त्याला हात लावताना मी चपला काढूनच पुढे जातो. हा साधा घोडा नव्हे, माउलींचा अश्व. देवाला सगळं पचतं. पण वारकरी परंपरेची या घोड्याबद्दलची वागणूक नीट बघितली तर ती कमालीची संयमी आहे. दोन अश्वांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, कारण तिथं माउली बसलेले आहेत अशी श्रद्धा. बाजीरावाच्या विहिरीपाशी आणि वाखरीला रिंगणात तो मोकळ्या पाठीनं धावतो आणि लाखो माणसं कड्यानं उभी राहून ती मोकळी पाठ मोकळीच ठेवतात. म्हणजे घोड्याच्या एका भागापुरता आपल्याला संयम जमतो, हे सिद्ध आहे. पाठ देवाची आणि तोंड मात्र सार्वजनिक, ही वाटणी कुठल्या अभंगात आलीय? शिवाय देवाला नैवेद्य दाखवतात आणि मग घरातले लोक खातात. ही व्यवस्था देवाच्या प्रकृतीचा विचार करून किती शहाणपणानं केलेली आहे! घोड्याच्या बाबतीत नेमकी तीच आपण मोडतो. नैवेद्य दाखवला, घोड्यानं मान हलवली, पेढा नातवाच्या तोंडात गेला, असं झालं तर शास्त्र, भक्ती आणि नातू तिन्ही खूष.

वरातीच्या घोड्याला देवपण नसतं, त्यामुळे त्याचे हाल जास्त सरळ असतात. डॉल्बीच्या भिंतीला खेटून, अंगावर मखमल, डोक्यावर तुरा आणि पाठीवर आयुष्यात पहिल्यांदाच घोडा पाहणारा नवरदेव, अशा अवस्थेत तो चौकाचौकात थांबतो आणि थांबला की कुणीतरी त्याला बुंदी भरवतं. शिवजयंतीच्या मिरवणुकीतही तेच. बेळगावात ती तिथीप्रमाणे वैशाखात, रात्रभर, चित्ररथांसकट; आणि बालशिवबाला घेऊन उभ्या असलेल्या घोड्यापुढे चिरमुऱ्यापासून केळ्याच्या सालीपर्यंत सगळं सरकवलं जातं. काहींना तो फुरफुरतो, पाय आपटतो तेव्हा खाऊ मागतोय असं वाटतं. बहुतेक वेळा तो शांतता मागत असतो, पण ती कुणाच्या पिशवीत नसते. शर्यतीच्या घोड्याला कुणी असंच प्रेमानं चॉकलेट दिलं तर त्यातल्या घटकांमुळे उत्तेजक चाचणीत तो दोषी ठरू शकतो. तिथं लाखो रुपये लागलेले असतात, त्यामुळे तिथल्या घोड्याच्या तोंडावर पहारा असतो. प्रेमाला पहारा बसत नाही.

इतकं सगळं म्हटल्यावर एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर वाद लबाडीचा होईल. घोड्याला हातानं भरवण्यात सुख आहे. त्याचे ओठ मखमलीसारखे मऊ, त्यावर राठ केस, आणि तळव्यावरचा एकेक दाणा तो ज्या नाजूकपणे वेचतो ते पाहून मोठमोठे कारखानदारही लहान होतात. नाकासमोरचं, हनुवटीखालचं त्याला दिसत नाही. डोळे बाजूला असल्यामुळे तिथं आंधळी जागा राहते आणि तो ओठांनी व त्या केसांनी चाचपून खातो. म्हणूनच तळवा सपाट ठेवायचा आणि अंगठा बोटांना चिकटवून ठेवायचा. चिमटीत धरून भरवायला गेलात तर पेढा कुठं संपला आणि बोट कुठं सुरू झालं हे त्याला कळायचं काही कारण नाही. रोज खिशातून खाऊ काढणाऱ्यांचे घोडे पुढे खिसेच चाचपू लागतात, आणि खिसा रिकामा निघाला की दात लावतात. त्याला आपण वाईट खोड म्हणतो. जत्रेतून हात हलवत आलेल्या आजोबांशी नातवंडंही असंच वागतात, फक्त त्यांचे दात लहान असतात.

मग द्यायचंच नाही का? द्या की. हिरव्या गवताची पेंढी द्या, गाजराचा लांब उभा काप द्या. गोल चकती घशात अडकते. हुलगे किंवा हरभरा द्यायची हौस असेल तर तो भिजवून, शिजवून, ठरल्या मापानं घालणारा माणूस घोड्याजवळच उभा असतो, त्याच्या हवाली करा आणि बाजूला व्हा. गुळाचा बोराएवढा खडा वर्षातून एकदा दसऱ्याला दिला तर कुठलाही पशुवैद्य भांडायला येणार नाही. निपाणीच्या नावाजलेल्या पिकाबद्दल वेगळं सांगायला नको. तंबाखू गाढवसुद्धा खात नाही हे आपण मोठ्या अभिमानानं सांगतो आणि लगेच चंची सोडतो. खरा उपाय याहून सोपा आहे. घोड्याच्या लगामाशी जो सईस उभा असतो त्याला आधी विचारावं, "देऊ का?" हा प्रश्न आपल्याकडे घोड्यापुढे कुणी उच्चारत नाही, कारण उत्तर 'नको' येण्याची भीती असते. आणि 'नको' आलंच तर हातातल्या गाजराचं काय करायचं, हा पेच फार मोठा नाही. स्वतः खावं. दोन खाल्ली तरी हरकत नाही; माणसाला अगदीच जड झालं तर निदान ओकता येतं.